एसीचा गॅस जातो कुठे?

मे महिन्यात नगर-मनमाड रस्त्यावर गाडीचा एसी गरम हवा फेकू लागला की गॅरेजमध्ये ठरलेलं उत्तर मिळतं: गॅस संपलाय, भरून घ्या. पण हा गॅस पेट्रोलसारखा जळत नाही. बंद नळ्यांतून तोच तो फिरतो. चांगलाच कमी झाला असेल, तर कुठेतरी गळतोय.

पहिला संशय कॉम्प्रेसरवर. पट्ट्यावर फिरणारा त्याचा दांडा जिथून बाहेर येतो, तिथलं सील एसी महिनोन्महिने बंद राहिला तर कोरडं पडतं. गॅस डोळ्यांना दिसत नाही, सोबत झिरपणारं तेल मात्र दिसतं. कॉम्प्रेसरच्या क्लचमागे किंवा नळ्यांच्या जोडांवर चिकट, धूळ धरलेला डाग शोधा. (आपल्याकडची धूळ कधी नव्हे ती कामाला येते!) मोठी गळती साबणाच्या फेसाने कळते, बारीक असेल तर चमकणारा रंग सोडून अतिनील टॉर्च मारतात किंवा डिटेक्टर वापरतात. एसीतला हा गॅस, आर-१३४ए, हवेपेक्षा जड, म्हणून इंजिन बंद करून डिटेक्टर जोडाच्या खालच्या बाजूने सावकाश फिरवायचा.

गळती न शोधता दर उन्हाळ्यात गॅस भरणं ही शुद्ध उधळपट्टी. शिवाय शंभर वर्षांच्या हिशेबात हवेत गळलेला हा वायू पृथ्वीला कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून जास्त तापवतो. असे वायू कमी करण्याचं २०१६ मध्ये किगाली शहरात झालेल्या आंतरराष्ट्रीय करारात ठरलं. भारताने २०२१ मध्ये त्याला मान्यता दिली.