माईक तोंडाशी

पुण्याच्या तापकीर गल्लीत स्पीकर बघायला गेलं की दुकानदार आधी गाणं लावतो. बेस चढवलेलं एखादं रिमिक्स. काउंटरची काच थरथरते, गिऱ्हाईक मान डोलावतं, सौदा अर्धा तिथेच ठरतो. आमच्या सोसायटीच्या भजनी मंडळाच्या काकूंनी मात्र ते थांबवायला लावलं. "दादा, माईक जोडा. आम्हाला ह्यात बोलायचंय."

दादांनी नाइलाजाने माईक काढला. स्पीकर कुणी बोलून घेत नाही, असा त्यांचा चेहरा होता.

गरज साधी होती. सोसायटीचा हॉल, पन्नास-साठ माणसं, हरिपाठ, भजन, एकादशीला कीर्तन. सामान रिक्षातून न्यायचं आणि उचलणाऱ्या बायका बहुतेक साठीच्या पुढच्या. दाखवायला समोर आला तो चाकांचा ट्रॉली स्पीकर: पंधरा इंची, रंगीत दिवे, खोक्यावर हजारांत वॉट. हे हजारांतले आकडे बहुतेक वेळा क्षणिक उसळीचे असतात. सतत किती वॉट निघतात, म्हणजे आरएमएस किती, हे विचारलं की आकडा झटकन खाली येतो. शिवाय वॉट दुप्पट केले तरी आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल. कानाला दुप्पट वाटायला सुमारे १० डेसिबल, म्हणजे दहापट वॉट लागतात. जुन्या भोंग्याला थोडी वीज दिली तरी तो गावभर ऐकू जायचा, कारण दिलेल्या विजेचं आवाजात रूपांतर करण्यात तो तरबेज. त्याला खालचे सूर मात्र झेपत नाहीत, म्हणून भोंग्यातून आलेला अभंग नाकात गायल्यासारखा वाटतो.

काकूंनी परीक्षा लावली ती मला फार आवडली. एक जण दुकानाच्या टोकाला पाठ करून उभी राहिली, दुसरीने माईकवर मनाला येईल त्या क्रमाने "पाप, ताप, काप" म्हणायचं आणि पहिलीने काय ऐकू आलं ते सांगायचं. ट्रॉलीवर तिन्ही शब्द सारखेच. दादांनी ट्रेबल वाढवला, तर "स" चरचरायला लागला आणि "प" "त" चा घोळ तसाच. बाईच्या बोलण्याचा मूळ सूर २०० हर्ट्‌झच्या आसपास असतो, पुरुषाचा त्याहून खाली. पण शब्द ओळखू येतो व्यंजनांवरून आणि त्यांची खूण मुख्यतः १००० ते ४००० हर्ट्‌झमध्ये. नेमक्या त्याच पट्ट्यात स्वस्तातला पंधरा इंची शंकू दमलेला असतो आणि वरचा छोटा ट्वीटर नीट सुरू झालेला नसतो. आठ किंवा दहा इंची खोकं तिथे जास्त स्वच्छ बोलतं. पखवाजाची थाप त्यातून छातीवर बसत नाही हे खरं, पण साठ माणसांच्या हॉलमध्ये पखवाजाला माईक कशाला? टाळांना तर मुळीच नको. ते न सांगता प्रत्येक माईकमध्ये शिरतात.

मग शिट्टी. माईकने स्पीकरचा आवाज पकडला, तो पुन्हा स्पीकरमधून आला, पुन्हा माईकमध्ये गेला की ती सुरू होते आणि सगळे ॲम्प्लिफायरकडे रागाने बघतात. खरा उपाय फुकटचा आहे. माईक ओठांपासून २० सेंटिमीटरवर होता तो ५ वर आणला की आवाज सुमारे १२ डेसिबलने वाढतो. तेवढं स्पीकरकडून मिळवायचं तर सोळापट वॉट लागतील. आमच्याकडे संकोच आड येतो. माईक इतका जवळ धरणं बायकांना आगाऊपणाचं वाटतं. त्यात कुणी माईकची जाळी मुठीत धरतं. जाळीमागची छिद्रं झाकली गेली की समोरचंच ऐकणारा माईक चारी दिशांचं ऐकू लागतो. शुअरचा एसएम५८ १९६६ पासून टिकून आहे, पण मुठीपुढे तोही हतबल. आणि स्पीकर नेहमी गाणाऱ्यांच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून. मागे भिंतीला टेकवून ठेवला की संपलंच.

कीर्तनकारांचं प्रकरण वेगळं. नारदीय कीर्तनात बुवांच्या हातात चिपळ्या किंवा झांज, त्यामुळे हातातला माईक बाद. निरूपण हलक्या आवाजात चालतं आणि अचानक पद येतं तेव्हा आवाज तिप्पट होतो. कॉलर माईक छातीवर, तोंडापासून वीतभर दूर, म्हणून शिट्टीला नेहमी तयार. गालाशी टेकणारा हेडसेट बरा: बुवा इकडे-तिकडे वळले तरी अंतर तेच राहतं. कॉर्डलेस संच घेतला तर दोन माईकांच्या फ्रिक्वेन्सी वेगळ्या आहेत ना, हे दुकानातच दोन्ही एकदम चालू करून बघावं.

ईकोची खुंटी काकूंनी शून्यावर ठेवायला लावली. हॉलच्या भिंती तो प्रकार फुकट पुरवतात. ब्लूटूथ तानपुऱ्याच्या ॲपसाठी ठीक. त्यावरून माईक चालवू नये, कारण आवाज उशिरा येतो आणि गाणारा गोंधळतो.

बॅटरीवर मी थोडा अडून बसलो. ट्रॉलीत बहुधा शिशाची बॅटरी असते. जड, आणि वापर नसताना रिकामी पडून राहिली की खराब होते. मंडळाचं सामान मधल्या काळात कपाटात विसरलं जाणारच. लिथियमवाली छोटी खोकी महाग, पण हलकी. बोसची एस-वन प्रो बॅटरीसकट साधारण सात किलो भरते. बजेटमध्ये ती बसत नव्हती, दुसऱ्या कंपनीचं आठ इंची खोकं बसलं: दोन माईकांना वेगवेगळे गेन, पेटीसाठी तिसरी जागा, खाली स्टँडच्या ३५ मिलिमीटर नळीसाठी भोक. हे भोक महत्त्वाचं. खोकं जमिनीवर ठेवलं की पहिल्या रांगेचे कान फुटतात आणि मागच्यांना काही कळत नाही. आवाज बसलेल्या माणसांच्या डोक्यावरून निघाला तर शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो.

"एवढ्याशा खोक्यात मागच्यांना ऐकू येईल का?" खजिनदार मावशींची शंका रास्त होती. पण २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे आणि आमच्या वरच्या मजल्यावर परीक्षेची मुलं आहेत. पुन्हा "पाप, ताप, काप" झालं, या वेळी दाराबाहेर गल्लीच्या गर्दीत उभं राहून. तिन्ही वेगळे आले.

ट्रॉलीच्या किमतीहून थोडे जास्त पैसे गेले. दादांनी पिशवी भेट द्यायची म्हटली, काकूंनी त्याऐवजी एक जास्तीची माईक केबल मागितली. मिळाली.