भंडारदऱ्यात जमीन कुणाची, नियम कुणाचा?

मुक्काम शेंडी : धरणाखालची बाजारपेठ असलेले गाव शेंडी, तालुका अकोले. पर्यटकांच्या तोंडी मात्र सारेच 'भंडारदरा'. प्रवरेवरच्या विल्सन धरणाचे काम १९१० ते १९२६.

गावठाण : गावाचा वस्तीचा भाग. इथल्या रस्त्यांवरील अडथळे आणि अतिक्रमणे हटवण्याचा अधिकार ग्रामपंचायतीला (ग्रामपंचायत अधिनियम १९५८, कलम ५३). बाजाराच्या दिवशी हे कलम आठवते!

झोन बदल (जमीन-वापराचा विभाग बदलणे) : महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६.
• शहराची विकास योजना : फेरबदल कलम ३७ खाली.
• जिल्ह्याची वा प्रदेशाची प्रादेशिक योजना : फेरबदल कलम २० खाली.
• दोन्हींत आधी जाहीर सूचना, मग हरकती, शेवटी शासनाची मंजुरी.

अनुसूचित क्षेत्र : अकोले तालुक्याचा पश्चिम आदिवासी पट्टा राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीत. म्हणून इथे पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींचा कायदा (१९९६) आणि राज्याचे पेसा नियम (२०१४). भूसंपादनापूर्वी ग्रामसभेशी किंवा पंचायतीशी सल्लामसलत बंधनकारक. आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला द्यायची तर जमीन महसूल संहितेचे कलम ३६-अ आडवे येते. झोन बदलला म्हणून हे बंधन सुटत नाही. गल्लत बहुतेक इथेच होते.

अभयारण्य : परिसरातच कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य. हद्दीत वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ लागू. पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र वेगळे. ते केंद्राच्या अधिसूचनेने ठरते. उदाहरणार्थ, महाबळेश्वर-पाचगणीसाठी ती २००१ मध्ये निघाली, माथेरानसाठी २००३ मध्ये.

कागद कोणता? शेतजमिनीला सातबारा. गावठाणातल्या घराला ग्रामपंचायतीचा नमुना आठ. नगर भूमापन झाले असल्यास मिळकत पत्रिका.