यादीतले आणि यादी वाचणारे

उंचीचं वेड : लेखांक ६

गेल्या आठवड्यात आपण विमानातून उडी मारणाऱ्यांची गोष्ट पाहिली. उत्तर ध्रुवावर उडी घेणाऱ्या पुण्याच्या शीतल महाजन ज्या खेळातल्या, तो स्कायडायव्हिंगचा खेळ. त्यात जमीन साधारण 900 मीटरवर आली की पॅराशूट उघडायचं, असा शिरस्ता आहे. पाठीवर दुसरं, राखीव पॅराशूट असतं. माणूस बेशुद्ध पडला तरी ते आपोआप उघडणारं यंत्र असतं. आज ज्यांच्याविषयी लिहायचं आहे त्यांची उडी सुरूच होते तिथून, जिथे स्कायडायव्हरची मुभा संपते. नॉर्वेतला शेरागचा कडा लीसेफ्योर्डच्या पाण्यापासून 984 मीटर उंच आहे आणि बेस जंपिंगच्या जगात ही ऐसपैस उंची समजतात.

इमारत, अँटेनाचा मनोरा, पूल आणि कडा या चार जागांच्या इंग्रजी आद्याक्षरांतून ‘बेस’ हे नाव झालं. चारही प्रकारच्या जागांवरून उडी मारून झाली की माणसाला एक क्रमांक मिळतो. 1981 मध्ये ह्यूस्टनमध्ये फिल स्मिथ पहिला ठरला, फिल मेफील्ड दुसरा. तिसरा क्रमांक जीन बोनिशचा आणि चौथा तिचा नवरा कार्ल बोनिश याचा. कार्ल मूळचा छायाचित्रणकार. 1978 मध्ये कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीच्या एल कॅपिटन कड्यावरून त्याच्या गटाने मारलेल्या उड्या त्याने चित्रित केल्या आणि या वेडाला खेळाचं रूप आलं.

हिशेब साधा आहे. हवेचा अडथळा सोडून दिला, तर पडणारा माणूस पहिल्या सेकंदात 5 मीटर खाली येतो, दोन सेकंदांत 20, तीन सेकंदांत 44, चार सेकंदांत 78. अमेरिकेत आयडाहोमधल्या ट्विन फॉल्सजवळचा पेरिन पूल नदीपासून 148 मीटर उंच आहे. तिथे वर्षभर, परवान्याशिवाय उडी मारता येते आणि खाली पाणी असल्याने नवशिके तिथेच शिकायला जातात. पॅराशूट उघडलंच नाही, तर ते पाणी साडेपाच सेकंदांवर असतं. म्हणूनच बेस जंपरच्या पाठीवर एकच पॅराशूट. पहिलं बिघडलंय हे कळायचं, ते तोडून टाकायचं, दुसरं उघडायचं आणि त्यात हवा भरायची, एवढा वेळ त्याच्याकडे नसतोच. मग दुसऱ्याचं ओझं वाहायचं कशाला?

वेळेपेक्षाही अवघड गोष्ट म्हणजे वेगाचा अभाव. हे ऐकायला विचित्र वाटतं. विमानातून उडी मारणाऱ्याला बाहेर पडल्याक्षणी विमानाच्या वेगाचा वारा मिळतो. हातपाय हलवले की शरीर वळतं, सावरतं. कड्यावरून सुटलेल्याभोवती पहिले दोन-तीन सेकंद हवा जवळजवळ स्थिरच असते. हात हलवून काही होत नाही. पाय कड्यावरून सुटताना एक खांदा खाली राहिला, तर तो खालीच राहतो. पॅराशूटला ओढून काढणारी जी छोटी छत्री असते, पायलट शूट, तीसुद्धा याच कारणाने उंचीप्रमाणे बदलावी लागते. उडी जितकी बुटकी तितका वेग कमी, आणि वेग कमी म्हणून पायलट शूट मोठी. पॅराशूट सावकाश उघडावं म्हणून दोऱ्यांवर बसवलेला कापडाचा चौकोन, स्लायडर, बुटक्या उडीत काढूनच टाकतात. तो काढला की एखादी दोरी पॅराशूटवरून पलीकडे अडकण्याचा धोका वाढतो. त्यावर उतारा म्हणून ब्रेकची दोरी चटकन सोडवता येईल अशी मूठ बसवतात. प्रत्येक सोयीपोटी एक नवी गैरसोय, आणि तिच्यावर आणखी एक उपाय. घडी घालताना हे सगळं मनात धरावं लागतं. ही घडी जो तो स्वतःच घालतो.

आता अपघाताकडे. पॅराशूट व्यवस्थित उघडलं, पण तोंड कड्याकडे करून उघडलं, हा या खेळातला सर्वांत ओळखीचा घात. उडी मारणारे त्याला ‘वन-एटी’ म्हणतात. उघडलेलं पॅराशूट जागच्या जागी लटकत नाही, ते पुढे उडतं. पुढे खडक असेल तर दोऱ्या ओढून वळायला एखाद-दोन सेकंद मिळतात. विमानातून उडी मारणाऱ्याचं पॅराशूट भलतीकडे तोंड करून उघडलं तर त्याला पत्ताही लागत नाही. भोवती मोकळं आकाश असतं. खांदा तिरका असणं, घडी एका बाजूला ओढली जाणं, वाऱ्याची एक झुळूक, एवढ्याने तोंड फिरतं. दुसरा घात उतरताना होतो. दगडधोंडे, झाडं, अरुंद पट्टी, आणि उंची आधीच संपत आलेली. घोटे मुरगळतात, नडगीची हाडं मोडतात, गुडघे ठेचतात, आणि आपटणं जोराचं असेल तर कंबरेचे मणके दबतात.

किती वेळा? शेरागवर स्टाव्हांगरचा बेस क्लब उड्यांची नोंद ठेवतो. त्यामुळे डॉक्टरांना तिथल्या 1995 ते 2005 या अकरा वर्षांतल्या 20,850 उड्या तपासता आल्या. मृत्यू 9, म्हणजे 2,317 उड्यांमागे एक. जीव वाचला पण इजा झाली असे अपघात 82, म्हणजे 254 उड्यांमागे एक. बहुतेक इजा घोट्या-गुडघ्यांच्या. हे आकडे वाचून हायसं वाटणाऱ्याने दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. शेराग उंच आहे, तिथे जाणत्या लोकांची देखरेख आहे. एखाद्या शहरात रात्री इमारतीवरून चोरून मारलेल्या उडीला हा हिशेब लागू करणं भाबडेपणाचं. आणि दुसरं, कोणी एकच उडी मारून थांबत नाही. स्वीडिश संशोधक आंटोन वेस्टमन आणि सहकाऱ्यांनी उड्यांऐवजी माणसं मोजली तेव्हा 2002 साली दर 60 बेस जंपरमागे एक मृत्यू, असा अंदाज निघाला. ओमर मेइ-दान हे हाडांचे शल्यविशारद स्वतः बेस जंपर आहेत. त्यांच्या गटाने 102 जणांना विचारलं. 43 टक्क्यांना मोठी इजा झालेली होती, आणि 72 टक्क्यांनी दुसऱ्याचा मृत्यू किंवा गंभीर अपघात डोळ्यांनी पाहिलेला होता. माझ्या मते या खेळाविषयीचा सगळ्यांत बोलका आकडा हा शेवटचा. दहातल्या सातांनी पाहिलेलं असतं, आणि तरीही ते दुसऱ्या दिवशी पॅराशूटची घडी घालायला बसतात.

या खेळाला जागतिक संघटनेचा परवाना नाही. स्कायडायव्हिंगमध्ये पायरीपायरीने परवाने मिळतात. इथे जाणत्याने होतकरूला हाताखाली घ्यायचं आणि आधी विमानातून दोनेकशे उड्या मारून ये म्हणून सांगायचं, अशी गुरुपरंपरा आहे. उडीपूर्वी एकमेकांची पाठपिशवी आणि तिची पिन तपासायची. वारा पटला नाही तर कड्याच्या टोकावरून माघारी फिरायचं, आणि फिरणाऱ्याला कोणी हिणवायचं नाही. निदान रीत तरी अशी आहे.

पण या मंडळींची खरी संस्था कोणती असेल, तर ती मृतांची यादी. 1981 पासून जगभरात बेस उडीत गेलेल्यांची नोंद त्यांनी ठेवली आहे. क्रमांक, तारीख, जागा, पॅराशूटची मांडणी, वारा, आणि काय चुकलं. नावं आता चारशेच्या पुढे गेली आहेत. वेस्टमन यांनी 1981 ते 2006 मधल्या 106 मृत्यूंचा अभ्यास केला तो या यादीच्या आधाराने. शोकसभेत आपण गेलेल्याचे दोष काढत नाही. इथे मित्राची चूक लिहून ठेवणं हेच मैत्रीचं शेवटचं काम मानलं जातं. या रोखठोकपणाबद्दल मला आदर वाटतो. कित्येक तांत्रिक सुधारणा अशा नोंदींतून आल्या आहेत.

कार्ल बोनिशचं नाव या यादीतही आहे. 1984 च्या जुलैमध्ये नॉर्वेच्या ट्रोलव्हेग्गेन कड्यावर त्याने आणि जीनने टीव्हीच्या कॅमेऱ्यांसमोर विक्रमी उडी मारली. दुसऱ्या दिवशी, 7 तारखेला, तो जवळच्याच दुसऱ्या एका टोकावरून उडाला आणि गेला. काही दिवसांतच जीनने त्याच भिंतीवरून पुन्हा उडी मारली. 1986 पासून ट्रोलव्हेग्गेनवर उडीबंदी आहे, कारण त्या भिंतीवर अडकलेल्यांना सोडवायला जाणाऱ्यांचेच जीव धोक्यात येत होते.

यादीला एक आंधळी जागा आहे. वाचणारा प्रत्येक नोंदीत चूक शोधतो, ती त्याला सापडते, आणि मग मनाशी म्हणतो, ‘मी हे केलं नसतं.’ ओळीमागून ओळ वाचत गेलं की यादी इशारा द्यायचं सोडून दिलासा देऊ लागते. विंगसूटच्या बाबतीत हे फार ठळक दिसतं. हातापायांत पंखांसारखं कापड असलेला हा पोशाख घालून माणूस कड्याला समांतर उडतो. 1981 ते 2011 मध्ये नोंदल्या गेलेल्या 180 मृत्यूंपैकी 39 विंगसूटचे होते. त्यांतले बहुतेक उड्डाणाच्या मार्गाचा अंदाज चुकून झाले. इथे पॅराशूट दगा देत नाही. ते उघडण्याची वेळच येत नाही. आणि हे लोक नवखे नसतात. ख्यातनाम गिर्यारोहक डीन पॉटर आणि त्याचा साथी ग्रॅहम हंट 16 मे 2015 च्या संध्याकाळी योसेमिटीत कड्यांमधल्या खिंडीतून पार होण्याच्या प्रयत्नात गेले. वॅलेरी रोझोव्ह या रशियनाने 2013 मध्ये एव्हरेस्टच्या उत्तर बाजूला 7,220 मीटरवरून उडी मारली होती. 2017 मध्ये आमा दब्लमवर तो गेला. हिमालय या खेळाला नवा नाही. गढवालच्या मेरू शिखरावरून, 6,604 मीटरवरून, ग्लेन सिंगलमन आणि हेदर स्वान या ऑस्ट्रेलियन दांपत्याने 2006 मध्येच उडी मारली आहे.

अनुभवाचा भरवसा किती, हे ब्रायन शूबर्टच्या बाबतीत दिसतं. 24 जुलै 1966 रोजी तो आणि मायकेल पेल्की एल कॅपिटनवरून उडाले. त्या काळची गोल पॅराशूटं, हवी तिकडे वळवता न येणारी. वाऱ्याने दोघांना कड्यावर आणून आपटलं. दोघांचीही हाडं मोडली, पण दोघेही जगले. शूबर्ट पुढे पोलीस खात्यात गेला. चाळीस वर्षांनी, 2006 च्या ऑक्टोबरमध्ये, तो वेस्ट व्हर्जिनियातल्या न्यू रिव्हर गॉर्ज पुलावर आला. वर्षातून एका शनिवारी, ‘ब्रिज डे’ला, या 267 मीटर उंच पुलावरून उड्या मारायची कायदेशीर मोकळीक असते. नदीत बचाव नौका, पुलावर जत्रेची गर्दी. शूबर्टने पॅराशूट फार उशिरा सोडलं. 66 वर्षांचा तो माणूस लोकांच्या डोळ्यांदेखत गेला. मोकळीक होती, नौका होत्या, आणि खेळ सुरू व्हायच्या आधीपासूनची ओळख होती.

म्हणजे परवानगी दिल्याने उडी निर्धोक होत नाही. मात्र बंदीने ती आणखी वाईट होते, याला पुरावा आहे. योसेमिटीत 1980 मध्ये काही आठवडे परवाने दिले गेले, मग बंद झाले. राष्ट्रीय उद्यानात माणूस किंवा वस्तू हवेतून ‘पोचवायला’ मनाई करणारा एक नियम आहे. उडी मारणाऱ्याने स्वतःलाच पोचवलं असं धरून तो लावतात. सापडलं की दंड होतो, पॅराशूट जप्त होतं. जून 1999 मध्ये फ्रँक गॅम्बली एल कॅपिटनवरून सुखरूप उतरला, रखवालदार पाठीशी लागले म्हणून पळाला आणि मर्सेड नदीत बुडाला. त्या ऑक्टोबरमध्ये बंदीच्या निषेधासाठी काही जणांनी जाहीरपणे उड्या मारल्या. त्यांतली जॅन डेव्हिस उसन्या पॅराशूटवर उडाली, कारण उतरल्यावर स्वतःचं जप्त झालं असतं. त्या पॅराशूटची पायलट शूट तिच्या हाताच्या सवयीच्या जागी नव्हती. ते उघडलंच नाही. आणखी एक गोष्ट सहसा बोलली जात नाही. जिथे लोक पहाटे किंवा तिन्हीसांजेला लपून उडतात, तिथे उड्या कोण मोजणार? शेरागसारखा हिशेब योसेमिटीचा मांडताच येत नाही.

स्वित्झर्लंडमधल्या लाउटरब्रुननने वेगळी वाट काढली. उभ्या भिंतींची ही दरी, 297 मीटरचा श्टाउबबाख धबधबा, आणि वर म्युरेनपर्यंत नेणारी रोपवे आणि रेल्वे. चढायचे कष्ट नाहीत आणि उडी कायदेशीर, त्यामुळे उन्हाळ्यात जगभरचे बेस जंपर इथे मुक्काम ठोकतात. सकाळी वारा बघायचा, हिरवळीवर घडी घालायची, संध्याकाळी हॉर्नर पबमध्ये एकमेकांच्या चित्रफितींची चिरफाड करायची. उडी मारण्याआधी दरीतल्या हेलिकॉप्टर तळाला फोन करायचा, कारण हवा दोघांचीही आहे, आणि अपघात झाला तर उचलायलाही तिथूनच येतात. उतरायचं ते शेतकऱ्याच्या कुरणात. उंच वाढलेलं गवत म्हणजे गाईंचा हिवाळ्याचा चारा. ते तुडवलं की नुकसान. म्हणून उडी मारणाऱ्यांची संघटना उतरण्याचं कार्ड विकते आणि ते पैसे शेतकऱ्यांना देते.

चाऱ्याची भरपाई अशी देता येते. बाकीच्याचं काय, हे अजून ठरलेलं नाही. या दरीत दरवर्षी कोणी ना कोणी पडतं, आणि पडतं ते लोकांच्या घरांजवळ, पायवाटांजवळ. उडी मारणाऱ्याने हा धोका पत्करलेला असतो. दूध काढायला निघालेल्या माणसाने नाही. गावात या खेळाबद्दल नाराजी आहे. पबवाले, तंबूच्या जागा भाड्याने देणारे आणि रोपवेवाले यांचं म्हणणं अर्थातच निराळं. बंदीची मागणी अधूनमधून डोकं वर काढते, आणि उडी मारणारे दरवेळी सांगतात की आम्ही आमचे नियम आणखी कडक करतो. आजवर दरी खुली राहिली आहे.

पुढच्या आठवड्यात : विंगसूट नेमका उडतो कसा.