घरगुती खारी बिस्किटे : पदर सुटण्याचे कारण व कृती

भिवंडी तालुक्यातील अकलोली हे तानसा नदीकाठचे गाव गरम पाण्याच्या कुंडांकरिता प्रसिद्ध आहे. वज्रेश्वरीच्या दर्शनास आलेली मंडळी कुंडावर स्नान करितात आणि मग साहजिकच चहाची वाट धरितात. चहाबरोबर त्यांना खारी बिस्किटे हवी असतात. टपरीवरील ही खारी बहुधा शहरातील बेकरीतून आलेली असते. गावचा तांदूळ व गावच्या म्हशीचे तूप मात्र जसेच्या तसे विकले जाते. खारी हा भट्टीवाल्याचा माल आहे, घरी ती साधावयाची नाही, असा समज या भागात सर्वत्र आढळतो. तो बरोबर नाही. ज्या गृहिणीस दिवाळीत चिरोटे करिता येतात, तिला खारीची निम्मी विद्या अगोदरच अवगत आहे. उरलेली निम्मी कोणती, हे येथे सांगावयाचे आहे.

भट्टीचे पदार्थ आपल्याकडे परके का मानले गेले, याला कारण आहे. येथून जवळच असलेल्या वसईवर १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांचा अंमल होता, आणि ‘पाव’ हा शब्द त्यांच्याच भाषेतून आपल्याकडे आला. अशा पदार्थांविषयीचा विटाळ पुढेही फार दिवस टिकला. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे ठेवण्यात आली, तेव्हा लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्या मंडळींनाही प्रायश्चित्ताच्या वादास तोंड द्यावे लागले. आज तो विटाळ राहिला नाही. पण बिस्कीट घरी करण्याची सवय मात्र लागली नाही, ती नाहीच.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. खारीचे पदर सुटतात ते सोड्यामुळे नव्हे, आंबवणामुळेही नव्हे. ते वाफेमुळे सुटतात. पिठाची पातळ पोळी, तिच्यावर तुपाचा थर, त्यावर पुन्हा पोळी, अशी रचना असली म्हणजे तूप दोन पोळ्यांना एकमेकींस चिकटू देत नाही. अशी घडी कडक आचेत गेली की पोळीतील पाण्याची वाफ होते. पाण्याची वाफ झाली असता तिला मूळ पाण्याच्या सुमारे सोळाशेपट जागा लागते. ही वाफ तुपाच्या थरापाशी अडते व वरची पोळी उचलते. तेवढ्यात पीठ भाजून कडक झाले, तर पदर उचललेलेच राहतात. पीठ कडक होण्यापूर्वी तूप वितळून पिठात जिरले, तर पोळ्या एकजीव होतात आणि हाती येते ती खारी नव्हे, तर एक प्रकारची चिवट पुरी. पदरांचे यशापयश ते एवढ्यावरच अवलंबून आहे.

चिरोट्यात आपण हेच करितो. तूप व तांदळाची पिठी फेसून साटा करावयाचा, तो पोळ्यांवर पसरून गुंडाळी करावयाची, आणि कापून लाटून तळावयाचे. साट्यात तांदळाचीच पिठी का घालतात, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. गव्हाच्या पिठात पाणी पडले की ग्लुटेन नावाचा ताणला जाणारा चिकट पदार्थ तयार होतो. पोळी न फाटता पातळ लाटली जाते व वाफेचा ताण सोसते, ती त्याच्या बळावर. तांदळात ग्लुटेन नाही. म्हणून तांदळाची पिठी दोन पदरांच्या मध्ये राहिली तरी त्यांना चिकटवीत नाही. उलट ती पातळ होऊ पाहणारे तूप धरून ठेवते. निव्वळ तांदळाच्या पिठाची खारी मात्र होणार नाही, कारण तिची पोळीच ताणली जात नाही. भातपिकाच्या आपल्या मुलखात तांदळाची जागा पदरांच्या मध्ये आहे, पोळीत नव्हे.

तिखटमिठाच्या हौसेप्रमाणे फेरफार करावा, परंतु मूळ प्रमाण असे धरावे : मैदा ५०० ग्रॅम, मीठ १० ग्रॅम, साखर तेवढीच, ओवा ५ ग्रॅम, मोहनाकरिता तूप ५० ग्रॅम, आणि थंड पाणी सुमारे पाव लिटर. साट्याकरिता तूप १५० ग्रॅम व वस्त्रगाळ तांदळाची पिठी ७५ ग्रॅम. साट्याचे तूप वितळलेले नसावे. थिजलेले तूप परातीत हाताने फेसून पांढरे व हलके करावे आणि मग पिठी मिसळावी. म्हशीचे तूप गाईच्या तुपापेक्षा किंचित अधिक उष्णतेस वितळते, म्हणून या कामास ते बरे. लोणी वापरावयाचे असेल तर ते घट्ट असावे व त्यातील ताक चांगले धुऊन काढलेले असावे.

पीठ पोळीच्या कणकेपेक्षा थोडे घट्ट भिजवावे, चांगले मळावे व ओल्या फडक्याखाली अर्धा तास झाकून ठेवावे. मग अर्धा सेंटिमीटर जाडीची लांबट चौकोनी पोळी लाटून, कडेला बोटभर जागा सोडून, सर्व साटा तिच्यावर सारखा पसरावा. पोळीचा एक-तृतीयांश भाग मधल्या भागावर दुमडावा व त्यावर उरलेला भाग आणावा. ही झाली एक घडी. ती पुन्हा अर्धा तास थंड जागी विसावू द्यावी. नंतर पाव वळण फिरवून लाटावी व तशीच दुमडावी. पहिल्या घडीत तुपाचे थर ३ होतात, दुसरीत ९, तिसरीत २७ आणि चौथीत ८१. साट्याच्या खारीस तीन घड्या पुरतात. चौथी घडी हात बसल्यावर करावी. हौसेने पाचवी व सहावी करणाऱ्यांचे पदर इतके पातळ होतात की ते फाटून तूप पिठात मिसळते, आणि खारी नानकटाईसारखी भुसभुशीत होते. प्रत्येक घडीनंतरची विश्रांती वेळ वाचविण्यासाठी टाळू नये. मळलेले पीठ ताठरते. ते विसावले नाही तर लाटताना आखडते, मग लाटण्यावर जोर द्यावा लागतो आणि त्या जोराने साटा कडेने बाहेर येतो.

शेवटी एक सेंटिमीटर जाडीची पोळी लाटून धारदार सुरीने सरळ खाली दाब देऊन तुकडे कापावेत. सुरी ओढीत नेली तर कडा एकमेकींस चिकटतात व त्या बाजूचे पदर उघडत नाहीत. पोळीच्या मूळ कडा कापून वेगळ्या काढाव्यात. घरच्या मुलांना त्याच अधिक आवडतात, असा अनुभव आहे.

बेकरीत न येणारी अडचण घरी येते, ती हवेची. लोणी व तूप साधारणतः ३० ते ३५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान मऊ होऊन वितळू लागते, आणि चैत्र-वैशाखात आपल्याकडील दुपार त्याहून उष्ण असते. म्हणून घड्यांचे काम पहाटे करावे, पोळपाटापेक्षा शहाबादी फरशीवर लाटावे, आणि साट्याचे भांडे थंड पाण्यात ठेवावे. शीतकपाट असेल तर प्रश्नच मिटला. साटा बोटाला मऊ लागावा, पण चकाकू नये. तो चकाकू लागला की काम थांबवावे.

आचेविषयी दोन गोष्टी ध्यानी ठेवाव्यात. चिरोट्यास कढईतील तूप सर्व बाजूंनी उष्णता देते. खारीस ती कोरड्या हवेतून मिळावयाची असते. (कुंडाचे पाणी कितीही कढत असले, तरी त्या कामी ते उपयोगाचे नाही.) विजेची भट्टी असल्यास प्रथम २०० अंशांवर पंधरा मिनिटे व नंतर १६० अंशांवर वीस ते पंचवीस मिनिटे भाजावे. भट्टी नसेल तर जाड बुडाच्या मोठ्या पातेल्यात दोन बोटे वाळू पसरावी, वर तिवई ठेवावी, झाकण घालून पंधरा मिनिटे तापवावे व झाकणावर निखारे ठेवावेत. आच पुरेशी झाली की नाही, हे पाहण्यासाठी ताटलीत चिमूटभर मैदा ठेवावा. तो पाच मिनिटांत गडद तांबूस झाला म्हणजे तुकडे आत ठेवण्यास हरकत नाही. थंड पातेल्यात घातलेली खारी तुपात भिजून बसते. तिला मागाहून कितीही आच दिली तरी ती उठत नाही.

पहिली कडक आच पदर उचलण्यासाठी व दुसरी मंद आच ते वाळविण्यासाठी असते. ‘बिस्कीट’ या शब्दाचा मूळ अर्थच ‘दोनदा भाजलेले’ असा आहे. वरून रंग आला म्हणून खारी घाईने उतरविली, तर आतील ओल काही तासांत बाहेरच्या पदरांत येते व सकाळची कुरकुरीत खारी सायंकाळी लवचीक होते. एक तुकडा मोडून पाहावा. मधला भाग ओलसर व काळपट दिसला तर आणखी दहा मिनिटे द्यावीत. नंतरही भट्टीतील निवणाऱ्या आचेवर तुकडे तसेच राहू द्यावेत.

वनस्पती तूप स्वस्त पडते व ते उन्हात लवकर वितळत नाही. बेकरीवाले ते वापरीत आले, त्याचे कारण हेच. परंतु त्यातील ट्रान्स स्निग्धाम्ल हृदयास अपायकारक असते. अशा तेला-तुपांतील त्याचे प्रमाण १ जानेवारी २०२२ पासून कायद्याने २ टक्क्यांपर्यंत मर्यादित केले आहे. वनस्पती घ्यावयाचेच असेल तर सीलबंद व छापील माहिती असलेलेच घ्यावे, सुटे घेऊ नये. मैद्याचा चौथा हिस्सा नाचणीचे पीठ घातले असता रंग व चव चांगली येते, पण नाचणीतही ग्लुटेन नसल्याने पदर कमी सुटतात, हे गृहीत धरावे.

वर दिलेल्या प्रमाणात सातशे ते साडेसातशे ग्रॅम खारी उतरते. बचत गटांनी विक्रीचा दर ठरविताना सामानाबरोबर इंधन, मोडलेले तुकडे व आपली मजुरी यांचाही हिशेब धरावा. मजुरी बहुतेक वेळा विसरली जाते. विक्रीपूर्वी अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी करून घ्यावी आणि पाकिटावर घटक, वजन व तयार केल्याची तारीख छापावी. माल पूर्ण निवल्याशिवाय डब्यात भरू नये. पावसाळ्यात उघडी खारी तासाभरात मऊ पडते, म्हणून त्या दिवसांत घट्ट झाकणाचे पत्र्याचे लहान डबे वापरावेत, म्हणजे एक उघडला तरी बाकीचा माल सुरक्षित राहतो. मऊ पडलेली खारी टाकून देण्याचे कारण नाही. मंद आचेवर दहा मिनिटे ठेवली की ती पुन्हा कुरकुरीत होते. तुपाला खवट वास येत असेल तर मात्र तिला उपाय नाही.