विश्लेषण : गॅरंड रायफलमध्ये सातवे काडतूसच का अडकायचे?

अमेरिकी लष्कराने १९३६ मध्ये एम-१ गॅरंड ही अर्धस्वयंचलित रायफल स्वीकारली. मात्र कारखान्यात मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झाल्यावर एक विचित्र तक्रार पुढे आली.

समस्या काय होती?
या रायफलमध्ये आठ काडतुसांची क्लिप एकदम भरतात. गोळी सुटल्यावर वायूच्या दाबाने बोल्ट मागे जातो, रिकामे काडतूस बाहेर फेकतो आणि परतताना पुढचे काडतूस नळीत ढकलतो. सहा गोळ्या सुरळीत सुटत. सातवे काडतूस मात्र काही वेळा जागा सोडून अडकत असे.

दोष कुठे सापडला?
अशा वेळी पहिला संशय क्लिप, स्प्रिंग किंवा काडतुसावर जातो. प्रत्यक्षात दोष रिसिव्हरमध्ये, म्हणजे रायफलच्या मुख्य सांगाड्यात होता. काडतुसाला दिशा देणारी आतली बारीक कड नमुना रायफलींमध्ये शाबूत होती. कारखान्यातील यंत्रकामात तिचा काही भाग कापला जात होता.

उपाय काय केला?
यंत्रकामात बदल करून कड पूर्ववत ठेवण्यात आली. आधी तयार झालेल्या रिसिव्हरमध्ये वेल्डिंगने धातू भरून ती दुरुस्त केली गेली.

हे महत्त्वाचे का?
हीच रायफल पुढे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी पायदळाचे मुख्य शस्त्र ठरली. शत्रूसमोर काडतूस अडकणे सैनिकाच्या जिवावर बेतू शकते. नमुना उत्तम चालला म्हणून कारखान्यातली प्रत्येक रायफल तशीच चालेल असे नाही, हे त्या बारीक कडेने दाखवून दिले.