रिकाम्या टाकीला काय भ्यायचं?

टँकर म्हटलं की आपल्या होस्टेलवाल्यांच्या डोळ्यासमोर एकच चित्र येतं : मे महिन्यात गेटातून आत शिरणारा, मागून गळणारा पाण्याचा टँकर. हा लेख त्याच्या थोरल्या भावाविषयी आहे, म्हणजे समुद्रावरून रसायनं वाहून नेणाऱ्या केमिकल टँकर जहाजाविषयी. मुंबईत ट्रॉम्बेच्या पीर पाऊ जेट्टीवर आणि खाडीपलीकडे न्हावा-शेव्याला ही जहाजं नेहमी लागतात. शिवाय मेकॅनिकलची डिग्री घेऊन वर्षभराचा जीएमई कोर्स करून जहाजावर जाणारे आपल्यातून अधूनमधून निघतातच. त्यांनी तरी हे वाचावं.

कच्च्या तेलाचं जहाज समजायला सोपं. सगळ्या टाक्यांत साधारण एकच माल. केमिकल टँकर म्हणजे मात्र फिरतं किराणा दुकान. एकाच जहाजात वीस-तीस टाक्या. एकीत मिथेनॉल, दुसरीत खतासाठी लागणारं फॉस्फोरिक आम्ल, तिसरीत स्टायरीन, चौथीत पामतेल. प्रत्येक टाकीला सहसा स्वतःचा पंप आणि स्वतःची पाइपलाइन, म्हणजे एकाचा माल दुसऱ्याच्या नळीतून जायला नको. सल्फ्युरिक आम्लाची घनता १.८४ आणि इथेनॉलची ०.७९, तेव्हा तीच टाकी काठोकाठ भरली तरी तळावरचा भार दुपटीहून जास्त बदलतो. स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सच्या सरांना आवडावं असं उदाहरण आहे.

नियमांचं पुस्तक आहे आयबीसी कोड. १ जुलै १९८६ पासून बांधलेल्या जहाजांना ते बंधनकारक आहे. त्यात जहाजांचे तीन प्रकार केले आहेत. सर्वांत घातक माल टाइप १ जहाजात, त्याची टाकी १२५० घनमीटरपेक्षा मोठी चालत नाही, आणि जहाजाच्या बाहेरच्या पत्र्यापासून ती रुंदीच्या पाचव्या भागाइतकी (जास्तीत जास्त ११.५ मीटर) आत असावी लागते. विचार साधा आहे. टक्कर होणारच असं धरून चाला, आणि झाली तर किती सांडेल ते आधीच ठरवा.

एवढं सगळं वाचल्यावर वाटतं की भरलेल्या टाकीची काळजी घेतली की झालं. पण या विषयात मी जसजसा शिरलो तसतसं लक्षात आलं की खरी डोकेदुखी माल उतरल्यानंतर सुरू होते.

समजा टाकीत पामतेल होतं आणि पुढचा माल मिथेनॉल आहे. मेसमधली तुपकट कढई आठवा. गार पाण्याने ती निघेल का? पामतेल थिजतं, म्हणून टाकी गरम पाण्याच्या फिरत्या फवाऱ्याने धुतात. हाच नियम जवसाच्या तेलाला लावला तर फसगत. ते सुकणारं तेल, उष्णता लागली की भिंतीवर व्हार्निशसारखं चिकटून बसतं. त्याला आधी साधं पाणी. गाढ सल्फ्युरिक आम्लाची तऱ्हा आणखी वेगळी. गाढ असताना ते पोलादाला फारसं खात नाही, पण तळाशी उरलेल्या आम्लात थोडं पाणी गेलं की ते विरल होऊन पोलाद खाऊ लागतं आणि हायड्रोजन सुटतो. म्हणून धुवायचं तर भरपूर पाण्याने, झटपट.

धुणं बहुधा समुद्राच्या पाण्याने होतं, त्यामुळे मीठ राहतं. मग गोड्या पाण्याने विसळणं, हवा खेळवणं, पुसणं. शेवटी सर्व्हेअर येतो आणि भिंतीवरून शुद्ध मिथेनॉल ओघळवून बाटलीत धरतो. त्यात सिल्व्हर नायट्रेट टाकून पांढुरका गढूळपणा आला तर क्लोराइड शिल्लक आहे. नुसतं पाणी मिसळून गढूळ झालं तर तेल शिल्लक आहे. म्हणजे बारावीचं केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल! फरक इतकाच की इथे नापास झालं तर अख्खं जहाज धक्क्यावर खोळंबतं आणि पुन्हा धुलाई सुरू.

या धुलाईच्या काळातच माणसं मरतात. कारण ‘रिकामी’ टाकी रिकामी नसते, तिच्यात वाफ असते. वाफेचं प्रमाण फार कमी असेल तर ती पेटत नाही, फार जास्त असेल तर ऑक्सिजन पुरत नाही म्हणूनही पेटत नाही. पेटतो तो मधला पट्टा. माल उतरला, झाकण उघडलं, हवा आत गेली की टाकी कधी ना कधी या पट्ट्यातून जाणारच.

‘बो मरिनर’ या जहाजाचं तेच झालं. २८ फेब्रुवारी २००४ रोजी ते न्यूयॉर्ककडून ह्यूस्टनला चाललं होतं. जहाजात सुमारे एक कोटी वीस लाख लिटर इथेनॉल होतं, पण घात केला त्याने नाही. आदल्या बंदरात एमटीबीई हे पेट्रोलमध्ये मिसळायचं द्रव्य उतरवलं होतं आणि त्याच्या २२ टाक्या रिकाम्या होत्या. कप्तानाच्या हुकमावरून त्या सगळ्या टाक्यांची झाकणं उघडण्यात आली. आता गणित करा : एमटीबीईचा रेणुभार ८८, हवेचा सरासरी २९. वाफ हवेच्या तिप्पट जड. ती वर उडून न जाता डेकवर पसरली. ठिणगी नेमकी कुठून आली ते तपासात ठरवता आलं नाही. स्फोट झाले आणि जहाज व्हर्जिनियाच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रात बुडालं. २७ जणांपैकी ६ वाचले.

अमेरिकन कोस्ट गार्डच्या अहवालात मला सर्वांत बोचलेली गोष्ट तांत्रिक नव्हती. हाताखालच्या मंडळींना कामाचं ज्ञान पुरेसं दिलेलं नव्हतं आणि वरिष्ठांची भीती मात्र भरपूर होती, असं त्यात नोंदवलं आहे. एकाच वेळी २२ टाक्या का उघडायच्या, हा प्रश्न विचारण्यासारखाच होता. (वर्कशॉपमध्ये सरांना उलट विचारायची आपली तरी कुठे हिंमत होते म्हणा.)

यावर उपाय काय? टाकीतली हवाच काढून टाका आणि नायट्रोजनसारखा निष्क्रिय वायू भरा. ऑक्सिजनच नाही तर आग कशी लागणार? लहान केमिकल टँकरना ही यंत्रणा सक्तीची नव्हती. १ जानेवारी २०१६ पासून बांधणीला घेतलेल्या ८००० टन व त्यावरील टँकरना ती सक्तीची झाली. ‘बो मरिनर’नंतर जवळजवळ बारा वर्षांनी! उशीर झाला असंच माझं मत आहे.

पण नायट्रोजन हे काही रामबाण औषध नव्हे. स्टायरीनचंच बघा. ते आपोआप पॉलिमर होऊ नये म्हणून त्यात टीबीसी नावाचा प्रतिबंधक घालतात, आणि त्याला काम करायला द्रवात विरघळलेला थोडा ऑक्सिजन लागतो. सगळी हवा हाकलली तर रक्षकच उपाशी मरतो. शिवाय स्टायरीनला शेजार गार हवा. २८ सप्टेंबर २०१९ ला दक्षिण कोरियातल्या उल्सान बंदरात ‘स्टोल्ट ग्रोनलँड’ जहाजावर स्फोट झाला तो स्टायरीनच्या टाकीचा. गरम ठेवलेल्या दुसऱ्या मालाची उष्णता झिरपून स्टायरीन तापत गेलं आणि पॉलिमर होण्याची क्रिया हाताबाहेर गेली, असा तपासाचा निष्कर्ष आहे.

दुसरी अडचण माणसाची. नायट्रोजनला वास नाही, रंग नाही. अशा टाकीत उतरलेला माणूस दोन-चार श्वासांत कोसळतो, आणि त्याला काढायला घाईने उतरलेला दुसराही. ड्रेनेजच्या चेंबरमध्ये एकापाठोपाठ तिघे गेल्याच्या बातम्या आपण पेपरात वाचतो, तिथेही साधारण हाच प्रकार असतो.

आता तो भिंतीवर मिथेनॉल ओघळवणारा सर्व्हेअर आठवा. त्याला टाकीत उतरावंच लागतं. त्याआधी वर, मध्ये आणि तळाशी मीटर सोडून ऑक्सिजन २१ टक्के आहे का, ज्वलनशील आणि विषारी वायू किती, हे मोजतात. परवान्यावर सही होते. झाकणापाशी एक खलाशी वॉकीटॉकी घेऊन उभा असतो. आतला माणूस पडला तर त्याने अलार्म द्यायचा, स्वतः उतरायचं नाही. कोण किती वाजता उतरलं ते तो लिहून ठेवतो. सर्व्हेअर बाटली घेऊन वर आला की त्याच्या नावापुढे वेळ टाकतो, आणि मग झाकण बंद करून माल घ्यायची तयारी सुरू होते.