फ्लोरिडातले झरे : डायव्हरनं कुठे शोधायचे?

फ्लोरिडा म्हटलं की सगळे समुद्राकडे धावतात. माझं मत विचाराल, तर गाडी उत्तरेला हाय स्प्रिंग्सकडे वळवा. इथल्या जमिनीखाली पाणी मुरलेला चुनखडीचा सच्छिद्र थर आहे. तो जिथे फुटतो तिथे झरा. राज्यात असे हजाराहून जास्त झरे आहेत आणि पाणी बाराही महिने साधारण २२ अंश सेल्सिअस.

झरा ओळखायचा रंगावरून. सँटा फे नदी पालापाचोळ्यामुळे कोऱ्या चहासारखी दिसते. तिच्या काठाशी निळंशार, तळ दाखवणारं पाणी दिसलं की समजा, उगम तिथेच. मात्र पुरात नदीचं गढूळ पाणी उलटं झऱ्यात शिरतं, म्हणून निघण्याआधी पाणीपातळी बघाच.

गिनी स्प्रिंग्सची ‘बॉलरूम’ गुहा नवशिक्यांनाही चालते, कारण आतल्या बोगद्याचं तोंड जाळीनं बंद केलंय. बाकी गुहांत खास प्रशिक्षणाशिवाय शिरायचं नाही. अनुभवी डायव्हरही तिथे मेलेत.

प्रवाहासोबत तरंगत जायचं असेल तर डनेलनजवळची रेनबो नदी. वर डायव्हिंगचा झेंडा लावायला विसरू नका, तिथे तो कायद्यानं सक्तीचा आहे.